फक्त दोनच शिल्लक!

रात्री अकरा चाळीसला मी एक सोऱ्या विकत घेतला. चकलीचा. दिवाळीला तीन आठवडे होते आणि घरात भाजणीचा पत्ता नव्हता. पण मोबाइलवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘फक्त २ शिल्लक’. खाली, ‘३७ जण आत्ता ही वस्तू पाहत आहेत’. शेजारी एक घड्याळ उलटं पळत होतं. अशा वेळी माणूस विचार करत नाही. मीही केला नाही.

पैसे गेले, पण झोप लागेना. ते सदतीस जण डोक्यातून जाईनात. कोण असतील? रात्री पावणेबाराला एका पितळी सोऱ्याकडे टक लावून बसलेले सदतीस जण! न्यू जर्सीत तेव्हा दुपार असते, म्हणून तिथली एखादी मावशी धरली, तरी छत्तीस उरतात. एखादी नवी सून असेल, सासूने ‘यंदा चकली तू कर’ म्हटल्यापासून झोप उडालेली. एखादे निवृत्त हेडमास्तर असतील, चष्मा कपाळावर आणि मोबाइल नाकाला. बाकीचे? आणि हे सगळे नुसते पाहत का होते, घेत का नव्हते? मी एक उचलल्यावर सदतीस जणांत एकच सोऱ्या उरला असणार. कुठल्या तरी घरात माझ्या नावाने बोटं मोडली जात असणार. पहाटे तीनला मला मनापासून वाईट वाटलं.

सकाळी उठून पाहिलं. फक्त २ शिल्लक. पाहणारे ३७.

दोनातून एक गेला, राहिले दोन. असं गणित सोडवल्याबद्दल आमच्या वेळी तळहातावर छडी बसायची. म्हटलं, खात्री करून घेऊ. राहिलेले दोन्ही मागवले. पान पुन्हा उघडलं. फक्त २ शिल्लक! द्रौपदीच्या थाळीची कीर्ती आपण ऐकत आलो, पण ती थाळीसुद्धा द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरती संपायची. ही संपतच नाही. बायको म्हणाली, “आता चौथा मागवू नका. मी माहेरी जाईन, आणि जाताना तिन्ही घेऊन जाईन.”

तीन खोकी आली. तिन्हींत बारीक शेवेची चकती होती, जाड शेवेची होती, पट्टीची होती. चांदणीची नव्हती. फोटोत होती, खोक्यात नव्हती. चांदणीशिवाय चकलीला काटा येत नाही, आणि काटा नसलेल्या चकलीला चकली म्हणायला आमच्या घरात कुणी धजणार नाही. म्हणून परत करायला गेलो, तर कारण निवडायचं होतं: ‘आकार अंगाला बसला नाही’, ‘रंग वेगळा आहे’, ‘विचार बदलला’. सोऱ्या अंगाला बसला नाही हे खरंच होतं, म्हणून तेच निवडलं. उत्तर आलं, पैसे कामकाजाच्या सात ते दहा दिवसांत मिळतील. पैसे घेताना रात्रीचे अकरा चाळीसही कामकाजाचे असतात. देताना मात्र शनिवार येतो, रविवार येतो, दसरा येतो. ते उलटं पळणारं घड्याळ आता कुठे गेलं? मला जरा त्यांच्यासमोर ठेवायचं होतं.

इथे मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. २०२३च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारची नियमावली निघाली. पडद्यावर ग्राहकाला फसवण्याच्या तेरा क्लृप्त्या तिने नावानिशी सांगितल्या आणि त्यांना मनाई केली. त्या यादीत पहिलंच नाव खोट्या घाईचं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, असं २०२०चे ई-कॉमर्सचे नियम सांगतात. मी तक्रार केली, तर पोच चार सेकंदांत आली! निवारणाची वाट पाहतो आहे. म्हणजे नियम आहे, यादी आहे, पोच आहे, आणि ‘फक्त २’ही जागच्या जागी आहे. मंडईत भाजीवाली ‘शेवटचा वाटा, घ्या’ म्हणते तेव्हा वाकून तिच्या टोपलीत बघता येतं. बघितलं की तीही हसते. इथे टोपलीच दाखवत नाहीत. वर ऑफर नाकारायची तर बटणावर लिहिलेलं असतं, ‘नको, मला जास्त पैसे द्यायला आवडतं’. अहो, नुसतं ‘नको’ म्हणू द्या की! ऐन मे महिन्यात साड्यांचा ढीग उपसायला लावून ‘बघते’ म्हणत उठलेल्या बायकांकडूनही या शहरात असं कुणी लिहून मागितलेलं नाही.

पैसे आले नाहीत, सोरे घरातच राहिले. शेवटी चकतीसाठी तुळशीबागेकडे गेलो. भांड्यांच्या दुकानात छताला सोऱ्यांच्या माळा टांगलेल्या. मी म्हटलं, “नुसती चांदणीची चकती मिळेल?”

“नुसती नाही मिळत. सोऱ्या दाबाचा की फिरकीचा?”

“तीन आहेत. फिरकीचे.”

मालकांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. तीन सोरे बाळगणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. मी विषय बदलायला विचारलं, “हे वरचे किती शिल्लक आहेत?”

“मोजायला मला वेळ नाही. घेणार असाल तर बोला. एकला बंद करतो.”

भिंतीवरच्या घड्याळात एकला तीन मिनिटं कमी होती. हेही ऑफरचं घड्याळ असणार म्हणून मी निवांत माळा न्याहाळत राहिलो. एकच्या ठोक्याला खरोखर दुकान बंद झालं. शटर खाली आलं तेव्हा मी फुटपाथवर होतो. चकती नाही ती नाहीच.

तिथेच उभ्या उभ्या मोबाइल उघडला. फक्त २ शिल्लक. आत्ता पाहणारे ३८.

अडतिसावा मी. बाकीच्या सदतिसांना एवढंच सांगायचं आहे: माझ्याकडे तीन आहेत, चांदणी नाही. सवडीने या. घाई काही नाही.