बाहेर ३८, आत १९: उन्हाळी शेला विणण्याची शास्त्रोक्त कृती

मे महिन्यात घरातून निघताना छत्री, टोपी, पाण्याची बाटली आणि ग्लुकोजची पुडी बरोबर घेणारा सुज्ञ नोकरदार साडेनऊला घामाने निथळत ऑफिसात पोचतो आणि साडेदहाला थंडीने कुडकुडायला लागतो, याची नोंद अजून कोणत्याही क्रमिक पुस्तकाने घेतलेली नाही. शाळेत आपल्याला तीन ऋतू शिकवले. चौथा छतातल्या जाळीतून येतो, बारमाही असतो आणि त्याचा रिमोट कोणाकडे आहे हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. या चौथ्या ऋतूत राहणाऱ्यांसाठी हलका शेला विणण्याची कृती पुढे देत आहोत. कृतीपूर्वी थोडी पार्श्वभूमी वाचावी. ती वाचून थंडी कमी होणार नाही, पण आपण कोणामुळे कुडकुडतो आहोत ते कळेल.

१९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवा थंड आणि कोरडी ठेवणारी यंत्रणा आखली. उद्देश माणसांचं सुख हा नव्हता. दमट हवेत कागद फुगायचा, मग आकसायचा, आणि रंगीत छपाईत एक रंग दुसऱ्यावर नेमका बसत नसे. म्हणजे वातानुकूलन हा मुळात कागदाचा हक्क आहे. आपल्या ऑफिसात फायली मजेत आणि माणसं गारठलेली दिसतात, ते परंपरेला धरूनच आहे.

पुढे माणसांचाही विचार झाला. कपड्यांची ऊब मोजायला १९४१ साली ‘क्लो’ हे एकक ठरलं. एक क्लो म्हणजे साधारण एका पुरुषी सुटाची ऊब. मग फँगर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास माणसाला कोणत्या तापमानात बरं वाटतं याचं सूत्र मांडलं. इमारतींची गणितं त्यावर बेतली जाऊ लागली. २०१५ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की या हिशेबात शरीराच्या उष्णतेचा जो आकडा धरला जातो तो चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचा आहे. हे गृहस्थ आपल्या ऑफिसात कधी कामाला नव्हते. त्यांना कोणी पाहिलेलं नाही. तरी ए.सी. रोज त्यांच्यासाठीच लागतो, आणि सुती पंजाबी ड्रेसातली अकाउंट्समधली मुलगी त्यांच्या वाटची थंडी सोसते.

सरकारने आपल्या परीने प्रयत्न केले आहेत. १ जानेवारी २०२० पासून तारांकनवाले घरगुती ए.सी. सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम आहे, आणि तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. पण नियम सुरू होण्यापुरता आहे. पुढे बोट असतं, आणि ते आपल्याकडे खालच्याच बाणावर जातं.

तक्रार करावी का? करून बघावी, मनाची हौस म्हणून. मेल गेली की दोन दिवसांनी एक माणूस शिडी घेऊन येतो, शिडीवर चढतो, जाळीकडे बघतो, “मॅडम, सेंट्रल आहे” म्हणतो आणि शिडी घेऊन जातो. ज्यांनी आशा सोडली ते जाळीवर पुठ्ठा किंवा जुन्या परिपत्रकाचा कागद चिकटपट्टीने लावतात. चिकटपट्टीचं एक टोक आठवड्यात सुटतं आणि तो कागद दिवसभर डोक्यावर फडफडत राहतो. त्यावर ‘अत्यंत तातडीचे’ असं छापलेलं असलं तर करमणूकही होते.

काही जण म्हणतील, विणायचं कशाला, घरात शाली थोड्या आहेत का? थोड्या नाहीत. मराठी घरात सत्काराच्या शाली कपाटाच्या वरच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट निदान अर्धा डझन असतात. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या घरात गठ्ठा असतो. पण ती शाल अंगावर घेऊन टेबलाशी बसलं, की येणारा-जाणारा नकळत हार शोधू लागतो. शिवाय तिचा जरीचा काठ मानेला टोचतो. ती शाल पुढच्या सत्कारासाठीच ठेवावी. शाल-श्रीफळाची चलनव्यवस्था त्यावर उभी आहे.

साहित्य

दीडशे ग्रॅमच्या आसपास बारीक सूत, शंभर ग्रॅमला चारेकशे मीटर भरेल असं. आपल्या दुकानात ‘लोकर’ मागितली की बहुतेक वेळा ॲक्रिलिक मिळतं. ते स्वस्त असतं, रंग भडक आणि मुबलक असतात, आणि आत बसेपर्यंत काही बिघडत नाही. पण संध्याकाळी तेच गळ्यात ठेवून प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं, की घाम जिरायला जागा मिळत नाही. खरी लोकर उत्तम, पण मे महिन्यात तिच्याकडे नुसतं बघूनही मान खाजते. म्हणून सुती धागा. मर्सराइज केलेला असेल तर चमक येते आणि बळही; जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये कॉस्टिक सोड्याच्या या प्रक्रियेचं पेटंट घेतलं होतं. सुताचा स्वभाव मात्र नीट समजून घ्यावा. लोकरीच्या तंतूत लहर असते, ती ताणली तर मागे येते. सूत ताणलं की ताणलेलंच राहतं, आणि स्वतःच्या वजनानेही लांबत जातं. सोमवारी कमरेपर्यंत असलेला शेला शुक्रवारी गुडघ्याला लागला तर हात पिशाच्चाचा नसून गुरुत्वाकर्षणाचा आहे.

सुयांच्या नंबराबाबत विशेष सावध राहावं. आपल्याकडच्या सुया जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या, म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलटं. परिणामी आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची आणि अमेरिकेची ८ नंबरची ५ मिलिमीटरची. तर आपली ६ नंबरची ५ मिलिमीटरची आणि त्यांची ६ नंबरची ४ मिलिमीटरची. ह्यूस्टनच्या भाचीने पाठवलेला व्हिडिओ बघून कोणी दादरला ८ नंबरची सुई आणली, तर शेल्याऐवजी गळपट्टा तयार होतो आणि दोष भाचीला लागतो. तेव्हा नंबर सोडून मिलिमीटर मागावेत. आपल्याला ५ चे हवेत. दुकानदार “म्हणजे कितीची?” असं विचारेल, तेव्हा ६ म्हणावं. सुया वायरने जोडलेल्या असाव्यात, कारण पुढे दिसेल. घामट हातांना बांबूच्या सुया बऱ्या. ॲल्युमिनियमवर सुती टाका घसरतो.

आधी तळहाताएवढा नमुना विणून धुवून वाळवून मोजावा, असं सगळे जाणकार सांगतात. कोणी करत नाही. करावा, निदान सुती धाग्याला तरी.

कृती

सुईवर ४ टाके घालावेत. मग प्रत्येक ओळ अशी: दोन टाके सुलट, सुईवर दोरा, उरलेले सगळे सुलट. पालटावं. पुन्हा तेच. बस्स. उलट टाक्याची गरज नाही, नकाशा नको, मोजदाद नको. सुईवर दोरा घेतल्याने दर ओळीला एक टाका वाढतो आणि काठाला बारीक भोकांची रांग पडते, तीच नक्षी. एक कोपरा सुईखाली लोंबत राहतो आणि त्रिकोण फाकत जातो. २४० टाके झाले की दीड मीटरच्या आसपासचा काठ मिळतो, खांद्यावरून येऊन पुढे गाठ मारण्याइतका. हात घट्ट असेल तर कमी भरेल. घट्ट हात स्वभावावर जातो असं जुन्या बायका म्हणतात. त्यावर आम्ही भाष्य करत नाही.

आता गणित. ४ पासून २४० पर्यंत मिळून सुमारे २९ हजार टाके होतात. नवशिक्याने मिनिटाला २० टाके घातले तरी २४ तास. हा २४ चा आकडा ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नजरेला आणून द्यायला हरकत नाही. यातला खरा धोका असा, की सुरुवातीच्या ओळी चुटकीसरशी होतात, माणूस फुशारतो, घरी सांगून मोकळा होतो की रविवारी पुरा करते. २४० मधले १७० टाके सुईवर आले की आपण शेवटाकडे आलो असं वाटतं. तेव्हा नेमकं निम्मं काम झालेलं असतं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ हा धडा आपल्याला आठवीत का शिकवला होता ते इथे समजतं. दोरा घ्यायचा एखाद्या ओळीत राहिला तर पुढच्या ओळीत घ्यावा आणि गप्प राहावं. उसवू नये. शेल्याच्या काठाची भोकं मोजणाऱ्याला पुन्हा चहाला बोलावू नये. शेवटी टाके बंद करताना मात्र हात सैल सोडावा, जाड सुई घेतली तरी चालेल. नाहीतर काठ आवळतो आणि शेला गळ्यात नीट बसण्याऐवजी रुसतो.

ज्यांना एवढ्यावर भागत नाही, विशेषतः इंजिनिअर लोकांना, त्यांनी एलिझाबेथ झिमरमन यांची ‘पाय’ शाल करावी. १९७४ च्या ‘निटर्स अल्मनॅक’ या पुस्तकात ती जुलै महिन्यासाठी दिली आहे. मध्यापासून गोल विणत जायचं. त्रिज्या दुप्पट झाली की परिघही दुप्पट होतो, म्हणून एका ओळीत सगळे टाके दुप्पट करायचे आणि मध्ये ३, ६, १२, २४, ४८ अशा साध्या ओळी. संपूर्ण वर्तुळ अंगावर घेऊन कोणी कारकुनी करू शकत नाही, म्हणून ते दुमडून घ्यावं लागतं. पण मीटिंगमध्ये “हे π आहे” असं सांगता येतं.

जाळीदार विणीबद्दल दोन शब्द. भोकं असूनही ऊब येते, कारण ऊब धाग्यापेक्षा धाग्यांत अडकलेल्या हवेची असते. पण ती हवा स्थिर हवी. आपली खुर्ची थेट जाळीखाली असेल तर वरचा झोत त्या भोकांतून आरपार जातो आणि कलाकुसर वाया. अशांनी शेला दुहेरी घ्यावा किंवा बदलीचा अर्ज करावा.

विणायचं कुठे

चोवीस तास घरी मिळत नाहीत, म्हणून प्रवासात. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली ए.सी. लोकल धावली आणि मुंबईकराला प्रवासातही चौथा ऋतू मिळाला. विंडो सीट मिळाली तर विणावं, उभ्याने विणू नये. लांब सरळ सुया असतील तर एक टोक शेजारणीच्या दंडात जातं आणि मग ओळख होते, ती फार काळ टिकणारी होत नाही. वायरच्या सुया आपल्याच मांडीवर राहतात. लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या, पोथी वाचणाऱ्या, टिकल्या विकणाऱ्या सगळ्यांना जागा असते, तशी विणणारीलाही असते. पण प्रश्न मात्र येतोच.

हिंदी सिनेमांनी वर्षानुवर्षं नायिकेच्या हातात सुया दिल्या त्या एकाच प्रसंगी. त्यामुळे तिशीच्या बाईने चार ओळी विणल्या की समोरची काकू आधी लोकरीकडे, मग पोटाकडे आणि मग मायेने चेहऱ्याकडे बघते. “कितवा गं?” पन्नाशीच्या बाईला नातवाचं विचारतात. पुरुषाने विणायला घेतलं तर काहीच विचारत नाहीत, फक्त थोडं सरकून बसतात. यावर उपाय म्हणजे रंगाची निवड. पिवळा, फिका गुलाबी आणि आकाशी टाळावेत; काळा किंवा गडद जांभळा घ्यावा. झबलं काळं कोणी विणत नाही. चहाचे डागही त्यात दिसत नाहीत.

धुणं आणि वाळवणं

कोमट पाण्यात भिजवावा, पिळू नये, टॉवेलात गुंडाळून दाबावा आणि गादीवर पसरून कडा ओढून टाचण्या लावाव्यात. दोरीवर टाकला तर ओलं सूत लोंबत जाऊन त्रिकोणाचं काय होईल ते भूमितीत नाही. गादी एक रात्र अडते. वन बीएचकेमध्ये यासाठी आधी घरात बोलणी करावी लागतात. टाचण्या मोजून लावाव्यात आणि मोजून काढाव्यात. एक कमी भरली तर ती कोणाला सापडेल हे सांगता येत नाही, पण कधी सापडेल ते सांगता येतं. पावसाळ्यात सूत दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतं, तेव्हा ही कामं जूनच्या आत उरकावीत.

वापर

शेला रात्री खुर्चीवर ठेवून घरी जाऊ नये. सकाळी तो पांढऱ्या फळ्याजवळ सापडतो. ड्रॉवरमध्ये ठेवावा, फरसाणापासून लांब. वापराच्या तिसऱ्या दिवसापासून सहकारी जवळ येऊन काठ बोटांत धरून बघू लागतात, मग तो वाक्प्रयोग ऐकू येतो: “मलापण एक करून दे ना, काय असेल ते देईन.” धाग्याचे पैसे सांगितले तर म्हणतात, एवढे? चोवीस तासांचं कोणी विचारत नाही. नाही म्हणू नये, मन दुखावतं. ड्रॉवरमध्ये ६ नंबरच्या सुयांची एक जादा जोडी आणि एक गुंडा तयार ठेवावा. “देते की, बस इथे,” म्हणून खुर्ची पुढे करावी, त्यांच्या हातात सुया द्याव्यात आणि ४ टाके घालून दाखवावेत. दुसऱ्या टाक्याला त्यांना एक कॉल येतो.