आमटीत हिंग आहे का?

आमच्या आईच्या आमटीबद्दल आजवर तक्रार आली असेल तर हिंग कमी पडल्याची. हिंग घातलाय म्हणून वाटी बाजूला सारणारे पहिले गृहस्थ म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे लोहपुरुष. "काकू, डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मला गहू चालत नाही."

आई बराच वेळ डबीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, चिमूटभर असतो!"

"काकू, आयर्नमॅनमध्ये चिमटीलाही किंमत असते."

2015 साली मिलिंद सोमण पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला आयर्नमॅन पूर्ण करून आले आणि पुण्यातल्या कित्येक नवऱ्यांची झोप उडाली. आमचे लोहपुरुष त्यांतलेच. तोवर त्यांचा व्यायाम म्हणजे रविवारी सिंहगडावर गाडीने जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. पूर्ण आयर्नमॅन म्हणजे 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटर पळणं, सगळं एका दमात. यांनी गोव्याची अर्धी धरली: 1.9, 90 आणि 21.1. तरी आकडे सांगताना पूर्णचेच सांगतात, पुढे "आपण सध्या निम्मं करतो" असं हळूच जोडतात.

त्यांच्या वडिलांची जुनी काळी सायकल भंगारात गेली आणि स्कूटरपेक्षा महाग कार्बनची सायकल आली. ती झोपायच्या खोलीत असते. वहिनी म्हणतात, "माझं कपाट बाहेर गेलं." वडील तीस वर्षं सदाशिव पेठेतून खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत सायकलवर गेले, त्याला कुणी ट्रेनिंग म्हटलं नाही, ते फक्त वेळेवर पोचायचे. चिरंजीव पहाटे बोपदेव घाट चढून येतात आणि दिवसभर ऑफिसला चढाईचा आलेख दाखवतात. टिळक तलावावर ते घड्याळ लावून पोहायला उतरतात, पण तिथे मधोमध तरंगत निवृत्त मंडळींची राजकारणावर बैठक चाललेली असते. त्यांना वळसा घालून जावं लागतं, म्हणून अंतर आपोआप जास्त पडतं, असा लोहपुरुषांचा दावा आहे.

पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पळण्यावर येताना कपडे-बूट बदलायचा वेळही शर्यतीत मोजतात. त्याचा सराव पॅसेजमध्ये चालतो. वहिनी हातात घड्याळ घेऊन उभ्या राहतात. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी नेमके तेव्हाच लिफ्टमधून बाहेर आले. त्यानंतर सराव घरात होतो.

सरावात पोट बिघडू लागलं तेव्हा त्यांनी रक्त तपासून घेतलं. कागदावर लाल खुणांची यादी आली: गहू, दूध, कांदा, हरभराडाळ. बाकरवडी गेली, मिसळ गेली, मस्तानी तर कधीच गेली. सत्यनारायणाचा शिरा त्यांनी कपाळाला लावून वहिनींच्या हातात दिला. खिशात जेलच्या पुड्या. आईने एक चाखून पाहिली. "साखरेचा पाकच की हा! एकतारी का दोनतारी?"

शेवटी वहिनी त्यांना पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तो कागद वाचून बाजूला ठेवला. अशा चाचणीत जी प्रतिद्रव्यं मोजतात ती तुम्ही काय खाता एवढंच सांगतात, काय बाधतं ते नाही. गव्हाची खरी तपासणी करायची तर त्याआधी गहू खात राहावं लागतं, म्हणून सहा आठवडे पोळ्या खायला लावल्या. मग सीलिअॅकची तपासणी झाली. ती निर्दोष निघाली. श्वासाच्या चाचणीत दुधातली साखर मात्र पचत नाही असं ठरलं.

माणसाला गहू खायची परवानगी मिळाली की त्याने आनंदावं. यांचा चेहरा असा पडला की शर्यतीतून बाद केलंय. मला त्यांचं दुःख समजतं. पुण्यात दूध न पचणारे गल्लोगल्ली आहेत. हिंग न चालणारा एकच होता.

गेल्या रविवारी आईने त्यांना पुरणपोळीला बोलावलं. हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, वर गव्हाची पारी, म्हणजे जुन्या यादीतले दोन गुन्हेगार एकाच पोळीत. पोळी दुधाशी खावी की तुपाशी, हा आमच्या घरातला तीन पिढ्यांचा वाद. त्यांच्यापुरता तो डॉक्टरांनी मिटवला होता, कारण तुपात दुधाची साखर जवळजवळ उरत नाही. कटाच्या आमटीत हिंग होता. कुणी विचारलं नाही.

त्यांनी सहा पोळ्या खाल्ल्या आणि हात धुऊन घड्याळात नोंद केली: शर्यतीपूर्वीचं कार्ब लोडिंग.

शर्यत सात महिन्यांनी आहे.