कातडी सोलणाऱ्या साहेबांस

आदरणीय सफाईसाहेब,
स. न. वि. वि.

'प्रिडेटर'च्या 2010 सालच्या ब्लू-रेवर नॉइज रिडक्शनचा हात फिरवणारे आपणच, म्हणून हे पत्र थेट आपल्याला. वेष्टनावर आपलं नाव नाही, नुसतं 'अल्टिमेट हंटर एडिशन' असं छापलंय. चित्रपट संपेपर्यंत हा हंटर कोण ते नीट कळलं. चित्रपटातला परग्रहावरचा शिकारी माणसांची कातडी सोलून प्रेतं झाडाला उलटी टांगतो. पण बिचाऱ्याला एकेकाला गाठावं लागतं, झाडावर चढावं लागतं, जखमा सोसाव्या लागतात. आपण अर्नोल्ड श्वार्झनेगरपासून झाडून सगळ्यांची कातडी खुर्चीवर बसल्याबसल्या उतरवलीत, आणि रक्ताचा थेंबही सांडू दिला नाहीत. आपल्यापुढे तो शिकारी म्हणजे उमेदवार.

परवा दाजींच्या घरी नव्या टीव्हीचं उद्घाटन होतं. टीव्ही भिंतीएवढा. कौतुकाने मी हीच डिस्क घेऊन गेलो. हेलिकॉप्टरमधून तुकडी जंगलात उतरली आणि आमचा भाचा म्हणाला, "मामा, हा गेम आहे का? मग खेळायचा कसा?" दाजी मात्र खूश. "बघ, काय क्लीन दिसतंय! जुना पिक्चर वाटतच नाही." मी म्हणालो, दाजी, हा माणसांचा पिक्चर आहे, आणि इथे माणसं दिसत नाहीयेत. त्यावर ताईने माझ्यापुढे आणखी एक वडा सरकवला. आमच्या घरात वाद असाच मिटवतात. तो राग पोटात ठेवून लिहितोय, तेव्हा समतोलाची अपेक्षा ठेवू नये.

आपल्याला फिल्म शिकवण्याची माझी पात्रता नाही, तरी थोडं धाडस करतो. सिनेमाच्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात. प्रकाश पडला की त्यांच्यात बदल होतो आणि धुलाईत त्यांच्याच जागी रंगाचे बारीक ठिपके उमटतात. ते ठिपके म्हणजेच ग्रेन, आणि तेच चित्र. ग्रेन ही चित्रावर साचलेली धूळ असती तर आपण ती जरूर झटकावी. पण ग्रेनच्या खाली दुसरं कुठलंही स्वच्छ चित्र दडलेलं नसतं. 1987 चा हा चित्रपट जॉन मॅकटिअर्नन यांनी मेक्सिकोच्या जंगलात काढला. कॅमेऱ्यामागे डोनाल्ड मॅकअल्पाइन होते. दाट झाडीत उजेड कमी, आणि कमी उजेडात चालणाऱ्या फिल्मचे कण मोठे. म्हणजे त्या चित्रपटाचा खरखरीतपणा त्या जंगलातूनच आलेला आहे.

आपलं यंत्र काय करतं? शेजारच्या ठिपक्यांशी आणि मागच्यापुढच्या फ्रेमशी ताडून पाहतं. जे जुळत नाही, हलतं, थरथरतं, ते कचरा समजून सरासरीत दाबून टाकतं. आता साहेब, माणसाच्या चेहऱ्यावर नेमकं काय थरथरतं? घामाचा थेंब, दाढीचे खुंट, त्वचेवरची छिद्रं, डोळ्यांकडेच्या सुरकुत्या. यंत्राला घाम आणि ग्रेन यांतला फरक कळत नाही, ते यंत्रच आहे. आपल्याला कळत होता.

बिल ड्यूक यांचा मॅक आठवतो? साबण नाही, पाणी नाही, कोरड्या गालावर तो रेझर ओढत बसतो. नुसतं पाहूनच आपला गाल चरचरतो, आणि हा माणूस आतून कुठेतरी तुटत चाललाय हे एकाही संवादाशिवाय कळतं. आपल्या आवृत्तीत त्या गालावर काढण्यासारखं काही उरलेलंच नाही. सुरुवातीला श्वार्झनेगर आणि कार्ल वेदर्स हात मिळवतात, दंड फुगतात, शिरा तटतटतात. इथे लोणावळ्याच्या मेणाच्या संग्रहालयातले दोन पुतळे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. आणि शेवटी नायक अंगाला चिखल फासतो, तेव्हा शिकाऱ्याच्या उष्णता टिपणाऱ्या नजरेला तो दिसेनासा होतो. या प्रसंगाची सगळी गंमत अशी, की तोवर तासाहून जास्त वेळ आपण त्याची तापलेली, घामेजलेली कातडी पाहिलेली असते आणि आता ती झाकली जाते. साहेब, ती आपण आधीच झाकून ठेवलीत. चिखल कशाला फासतोय, असं भाच्याने विचारलं. मी काय सांगणार?

बाकीच्या तक्रारी एका दमात उरकतो. पानांचा लगदा झालाय. काळोखातले तपशील काळोखातच राहिले. आणि त्याच वर्षी 'प्रिडेटर्स' चित्रपटगृहांत येणार होता, म्हणून थोरल्याला घाईघाईने न्हाऊमाखू घालून दारात उभं केलं, हा वास काही केल्या जात नाही.

आता आपली बाजू. ती मांडायची नाही असं ठरवलं होतं, पण लिहिताना आपला चेहरा डोळ्यांपुढे येऊ लागला. 2008 ची ब्लू-रे जुन्या एमपेग-2 पद्धतीने एका कमी क्षमतेच्या डिस्कमध्ये कोंबलेली होती. ग्रेन दर फ्रेमला नव्याने बदलतो, त्यामुळे कॉम्प्रेशनला तो मुळीच पचत नाही. कण राहिले, पण चित्र गढूळ झालं. तिकडे लोकांनी नवे सपाट टीव्ही आणले होते आणि पडद्यावर मुंग्या कशाला, असं ते दुकानदाराला विचारत होते. साहेब, आपले खरे मालक स्टुडिओत बसत नाहीत. ते आमच्या दाजींच्या सोफ्यावर बसतात. वरून निरोप आला असणार, अजून साफ करा. आपण एक खूण पुढे सरकवलीत. पुन्हा निरोप, अजून. फिल्मवरचे ओरखडे आणि केस फ्रेम फ्रेम बघून काढणारी आपल्यासारखी माणसं असतात म्हणून जुने चित्रपट आज बघवतात, आणि त्याबद्दल आपल्याला कुणी चहासुद्धा पाजत नाही. ते हुकूम पाळताना आपलंही पोट ढवळलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

पण म्हणून गप्प बसवत नाही. परग्रहवासीयाच्या पोशाखात घामाघूम झालेले केव्हिन पीटर हॉल 1991 मध्ये गेले. बिली झालेले सॉनी लँडहॅम 2017 मध्ये गेले. कार्ल वेदर्स 2024 च्या फेब्रुवारीत गेले. त्यांचे त्या वयातले चेहरे आता फक्त त्या निगेटिव्हवर आहेत. ते पुसायचा अधिकार कुणालाच नव्हता. विक्रीखात्याला नव्हता, दाजींना नव्हता आणि आपल्याला तर नव्हताच, कारण काय पुसलं जातंय ते मोठ्या पडद्यावर, जवळून, आपणच पाहत होतात!

2018 मध्ये 'प्रिडेटर'ची 4के डिस्क आली. ग्रेन परतला, घाम परतला, मॅकच्या गालावर पुन्हा खुंट उगवले. आनंद झाला, मग हिशेब लक्षात आला. आधी ग्रेन काढला म्हणून डिस्क विकली, मग ग्रेन परत घातला म्हणून डिस्क विकली. आणि दोन्ही वेळा खिसा माझाच. तरी समाधान मानावं तर आपला धाकटा भाऊ कामाला लागलाय. 2024 मध्ये जेम्स कॅमेरॉन यांचे 'एलियन्स' आणि 'ट्रू लाइज' 4के डिस्कवर आले. आपण निदान नुसतं पुसत होतात. तिथे यंत्र स्वतःच्या अंदाजाने कातडी रेखाटून देतं, आणि तेही दिग्दर्शकाच्या संमतीने. म्हणजे आता मी तक्रार करायची तरी कुणाकडे?

म्हणून आपल्याकडेच एक व्यवहाराचं मागणं. दाजींच्या टीव्हीच्या मेनूत नॉइज रिडक्शनची सोय आहे. ज्याला मेण आवडतं त्याने ती शेवटच्या खुणेपर्यंत न्यावी, मी हूं की चूं करणार नाही. पण डिस्कवरून जे आपण काढलंत, ते परत आणणारं बटण जगातल्या कुठल्याच रिमोटवर नाही. तेव्हा पुढच्या खेपेला वरून 'अजून साफ करा' असा निरोप आला, तर कृपया त्यांना दाजींच्या घरचा रिमोट दाखवावा. हवा असेल तर मी कुरिअर करतो. दाजी चार दिवस आरडाओरडा करतील, ते मी बघून घेईन.

कळावे. लोभ आहेच, तो कंपनीच्या विक्रीखात्याइतका वाढू नये ही विनंती.

आपला,
एकच चित्रपट पुन्हा पुन्हा विकत घेणारा