वाफेनं न्हालेलं इंजिन

चालू गाडी बंद पाडणं सोपं नाही. हल्लीच्या गाड्या तर इतक्या सोशिक झाल्यात की वेळेवर ऑइल बदललं नाही, एअर फिल्टर कधी झटकला नाही, तरी त्या मुकाट शहापूर ते कल्याण करत राहतात. अशी धडधाकट गाडी घरातून काढायची, महामार्गालगतच्या वॉशिंग सेंटरवर न्यायची, पदरचे पैसे मोजायचे आणि तासाभरात तिला झटके खायला लावायचे, याला कर्तबगारी लागते. दसरा जवळ आला की शहापूर तालुक्यात आटगावच्या आसपास असे कर्तबगार मालक हमखास भेटतात. त्यांचा गौरव आजवर कुणी केला नाही. तो व्हायला हवा.

पहिला गौरव त्यांच्या निष्ठेचा. दसऱ्याला झेंडूचा हार बंपरला लागतो, हळदकुंकू बोनेटवर, लिंबू चाकाखाली. बोनेट उघडून आत कुणी पाहत नाही. जे कुणाच्या नजरेला पडणार नाही तेही लखलखीत असावं, ही भावना थोर आहे. शिवाय घाण खोटी नसते. पावसाळाभर डोळखांब, किन्हवलीच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीच्या इंजिनावर चिखलाचे थर चढतात, आणि पेंढ्याच्या उडवीशेजारी उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर संसार थाटतात. ते काढायलाच हवं. पण ते ब्रशनं, फडक्यानं काढायला वेळ लागतो, आणि ज्याला पूजेच्या मुहूर्तापर्यंत गाडी दारात हवी आहे त्याच्याकडे वेळ सोडून सगळं असतं.

म्हणून मग वाफ. पाण्याच्या फवाऱ्यापेक्षा वाफ सौम्य, असा सर्वांचा समज आहे आणि तिची खरी कमाल त्या समजाआडच लपलेली असते. एक लिटर पाण्याची साध्या दाबाला सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते. एवढी पसरलेली वाफ फटीबाहेर थोडीच थांबणार? पाण्याचा थेंब वायरीच्या जोडावरच्या ज्या रबरी बुटावरून ओघळून गेला असता, त्याच बुटाच्या कडेतून वाफ आत शिरते, आतल्या गार धातूला लागते आणि तिथं तिचं पुन्हा पाणी होतं. आत जाताना ती वाफ असते, बाहेर पडायच्या वेळी पाणी असतं. आणि पाण्याला बाहेरची वाट सापडत नाही. बाहेरून इंजिन मिनिटभरात कोरडं ठणठणीत दिसतं. मालक समाधानानं मान डोलावतो, पोऱ्या बोनेट धाडकन लावतो, आणि आत वायरी जोडणाऱ्या कपलरच्या पिनांवर, कॉइलच्या तोंडाशी, प्लगच्या खोल विहिरीत ओल मुरत राहते.

प्लगची ही विहीर जरा जवळून पाहण्यासारखी आहे. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्लग इंजिनच्या डोक्यात खोल बसलेला असतो. वर कॉइल, कॉइलच्या खाली लांब रबरी नळी, नळीच्या टोकाशी प्लग. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमधून गेले की वीस हजारांच्या वर जातात, कारण प्लगच्या दोन टोकांमधली मिलीमीटरभर फट ठिणगीला उडी मारून पार करायची असते, तीही दाबलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणातून. आता त्या नळीत ओल आहे, त्या ओलीत ग्रीस, काजळी आणि साबणाचे क्षार आहेत. विजेला कष्टाची उडी नको असते. ती प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून बाहेरच्या बाहेर ओघळून इंजिनच्या धातूला मिळते. जिथं ठिणगी पडायची तिथं अंधार. चारपैकी तीन सिलिंडर काम करतात, चौथा नुसता ओझं होऊन फिरतो. अल्टोसारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत तर मागे दोनच उरतात, आणि मग स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळी गाडी थरथरते.

अशी गाडी आटगावहून खर्डीपर्यंत सपाटीला कशीबशी जाते. खरा कस कसाऱ्याच्या घाटात लागतो. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला उडी आणखी अवघड होते, आणि सपाटीला क्वचित मिसिंग करणारी, म्हणजे एखादी ठिणगी चुकवणारी गाडी घाटात दर दोन वळणांना मान टाकते. मागून ट्रक, पुढे ट्रक, गाडीत आई-वडील, नाशिकला साखरपुडा. इतक्या मोक्याच्या जागी मिसिंग दाखवायची योजकता साध्या बिघाडात नसते. त्यासाठी आदल्या संध्याकाळी इंजिन धुतलेलंच असावं लागतं.

या घाटाचा आणि वाफेचा संबंध जुना आहे. रेल्वे १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आली आणि १८६५ साली हाच कसाऱ्याचा, म्हणजे थळ घाट चढून इगतपुरीला पोचली, ती वाफेच्याच बळावर. तेव्हा वाफ बॉयलरात कोंडलेली होती, तिच्या वाटा ठरलेल्या होत्या, आणि तिच्यावर नजर ठेवायला माणूस नेमलेला होता. आपल्याकडे ती पोऱ्याच्या हातातल्या बंदुकीतून येते, आणि त्या पोऱ्याला अल्टरनेटर कुठला हे कुणी शिकवलेलं नसतं. दोष त्याचा नाही. त्याला रोजाप्रमाणे मजुरी मिळते आणि मालक शेजारी उभा राहून सांगत असतो, ‘‘इकडं अजून मार, कोपऱ्यात राहिलंय.’’

जुन्या गाड्यांनाही या गौरवातून वगळता येणार नाही. कार्बोरेटरची जीप किंवा पद्मिनी असेल तर ओल डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत शिरते. टोपीच्या आत बारीक काळी रेघ उमटते, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. ती रेघ म्हणजे विजेनं स्वतःसाठी पाडलेली पायवाट, आणि एकदा पडली की टोपी वाळवूनही ती जात नाही. अशा गाडीचं बोनेट रात्री अंधारात, इंजिन चालू असताना उघडून लांबून पाहावं. जुन्या एचटी (उच्च दाबाच्या) वायरींमधून निळसर ठिणग्या फुटताना दिसतात. पण अशी रेघ पडलेली नसेल तोवर त्या गाड्यांना एक सोय होती. टोपी काढली, कोरड्या फडक्यानं पुसली, थोडा वेळ उन्हात ठेवली की गाडी सुरू. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं, इंजिनभोवतीचे सेन्सर आणि कपलर वाढले, आणि ओलीला बसायला जागाही वाढल्या. प्रगती ती हीच.

डिझेलवाल्यांनी हसू नये. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते, हे खरं. पण अल्टरनेटर त्याच्याही अंगावर उघडाच असतो, सेन्सरचे कपलर तेच, आणि हवेच्या वाटेनं भरपूर पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन उतरवावं लागतं.

दुसरा गौरव वॉशिंगनंतरच्या मौनाचा. गाडी मिसिंग करायला लागली की मालक मेस्त्रीकडे येतो आणि सगळं सांगतो. पेट्रोल कुठल्या पंपावर भरलं, गाडी कुणी चालवली, परवा खड्ड्यात कशी आदळली. इंजिन धुतल्याचं तेवढं सांगत नाही. मेस्त्री बिचारा फिल्टर पाहतो, पेट्रोलचा वास घेतो, स्कॅनर लावतो. शेवटी तो जुन्या रीतीवर येतो. इंजिन चालू ठेवून एकेका कॉइलचा कपलर काढून पाहतो. ज्याचा काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. तिथली कॉइल उपसतो, विहिरीत हवा मारतो आणि फस्सकन गढूळ पाणी तोंडावर येतं.

‘‘दादा, धुतली का गाडी?’’

‘‘धुतली ना मेस्त्री, पण इंजिन नाही, नुसती वाफ मारली.’’

नुसती वाफ. या दोन शब्दांवर तालुक्यातल्या किती गॅरेजांची दिवाळी होते हे मेस्त्रीलाच विचारावं.

कधी कधी ओल कुठंच सापडत नाही आणि गाडी तरी चालत नाही. तेव्हा कडक झालेली एखादी व्हॅक्युम पाइप वाफेच्या झोतानं निसटलेली असते. सुसू आवाज येत राहतो, आरपीएम वर-खाली नाचतं. कुणी खबरदारी म्हणून बॅटरीचा टर्मिनल काढून ठेवलेला असेल, तर काही गाड्यांच्या ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या संगणकाची, आयडलिंगची सवय पुसली जाते आणि ती परत लागेपर्यंत गाडी सिग्नलला बंद पडते. आणि ज्यांनी वाफेआधी चिकटा निघावा म्हणून इंजिनवर डिझेल मारून घेतलं असेल, त्यांच्या रबरी माउंटिंग आणि पाइपा हळूहळू फुगतात, मऊ पडतात. तो हिशेब महिन्यांनी चुकता होतो, त्यामुळे त्याचं श्रेय कुणी वाफेच्या दिवसाला देत नाही.

तिसरा गौरव विकणाऱ्यांचा. गाडी काढायची ठरली की सर्वांत आधी इंजिनला वाफ. इंजिनवरची घाण म्हणजे गाडीची कुंडली असते. व्हॉल्व्ह कव्हरखाली ओला काळा ओघळ असेल तर गॅस्केट गेलं, खाली चिकट धूळ असेल तर ऑइल सील, पांढरे-हिरवे डाग असतील तर कूलंट गळतंय. वाफ मारली की सगळं साफ, आणि गिऱ्हाईक म्हणतं, काय ठेवलीय गाडी! मुरबाडजवळ म्हशाच्या जत्रेत, पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या त्या मोठ्या गुरांच्या बाजारात, बैल धुऊन, शिंगं रंगवूनच येतो. पण घेणारा शेतकरी शिंगांचा रंग पाहून पैसे देत नाही. तो दात मोजतो, बैल चालवून पाहतो, बसवून उठवतो. तोच शेतकरी मुलासाठी जुनी गाडी घ्यायला गेला की लखलखीत इंजिनपुढे विरघळतो. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या गाडीत त्याच्या दोन हंगामांचे पैसे असतात.

आता पाण्याबद्दल, आणि इथं गौरवाची भाषा मला चालवता येत नाही. शहापूर हा धरणांचा तालुका. तानसा १८९२ सालचं, त्यानंतर भातसा. मुंबईची बरीचशी तहान इथल्या पाण्यावर भागते. याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, बाया डोक्यावर हंडे घेऊन उतार चढतात. अशा ठिकाणी पाइपानं शेकडो लिटर पाणी ओतून गाडी धुण्यापेक्षा काही लिटरांत काम भागवणारी वाफ केव्हाही चांगली. सीट, दारांच्या कडा, चाकांच्या रिमा यांना ती खुशाल मारावी. वाफेवर माझा राग नाही. इंजिनवर वाफ मारायची आणि मग समाधान होईना म्हणून वरून पाइपही सोडायचा, यात पाणी जातं, गाडी जाते आणि ऑइलचा तवंग गटारातून कुणाच्या तरी शेतात जातो. त्या शेताच्या मालकानं गाडी घेतलेलीही नसते.

तेव्हा यंदा दसऱ्याला एवढं करा. इंजिन गार असताना बोनेट उघडा. पेंढा, पानं, उंदराचं घरटं हातानं काढा. ब्रशनं चिखल झटका, किंचित ओल्या फडक्यानं वरचं प्लॅस्टिक आणि बॅटरी पुसा. गळती दिसली तर पुसण्याआधी मेस्त्रीला दाखवा. वाफ मारूनच घ्यायची असेल तर अल्टरनेटर, कॉइल, फ्यूज बॉक्स आणि हवेची वाट प्लॅस्टिकनं झाकून घ्या, नंतर विहिरींत हवा मारून घ्या, आणि घाट चढायच्या आदल्या दिवशी हे करू नका. तरीही गाडी मिसिंग करू लागली आणि चेक लाइट लुकलुकायला लागला तर गाडी तशीच चालवत नेऊ नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो बदलायचा म्हटलं तर सणाचं सगळं बजेट त्यात जातं. बाजूला घ्या, मेस्त्रीला बोलवा, आणि तो बोनेट उघडण्याआधीच सांगा, ‘‘काल इंजिन धुतलंय.’’