रॉड सांगलीतच राहू दे

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांना,


इकडे येताना आणायच्या सामानाची तुमची यादी पोचली. मेतकूट, गोडा मसाला आणि कैरीचं लोणचं एकमताने मंजूर झालं. पाणी तापवायचा रॉड, इस्त्री आणि मिक्सर यांच्यावर मात्र जेवताना चर्चा पेटली. त्यात तुमचा नातू शाळेतलं फिजिक्स घेऊन मध्ये पडला, त्यामुळे भात निवला. निकाल कळवते.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "तिथे व्होल्टेज निम्मं, म्हणजे पाणी दुप्पट वेळात तापेल. मला कुठे ऑफिस गाठायचंय?" नातवाने लगेच कागद घेतला. तुमच्या रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॅट असं लिहिलंय. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. म्हणजे सांगलीत तो साडेसहा अँपिअर खेचतो. २३० ला साडेसहाने भागलं की त्याचा रोध निघतो, सुमारे ३५ ओहम. हा रोध रॉडच्या अंगचा. विमानप्रवासाने तो काही बदलत नाही.

आता इथले १२० व्होल्ट त्याच ३५ ने भागा. करंट येतो जेमतेम ३.४ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार केला तर हाती ४१० वॅटच्या आसपास. व्होल्टेज निम्म्यावर आलं की करंटही निम्म्यावर येतो, म्हणून काम उरतं चौथ्या हिश्शाच्या जरा वर. पंधरा लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सांगलीत साडेसतरा मिनिटं पुरतात. इथे तास उलटेल, आणि तेवढ्या वेळात पाणी वरून निवत राहील ते वेगळंच. तुमची आंघोळ आणि जेवण एकाच वेळी उरकायची वेळ येईल. आणि बाबा, इथे नळाला चोवीस तास गरम पाणी येतं. हे मी मागेही सांगितलं होतं, पण तुमचा नळावर विश्वास नाही.

इस्त्रीचं गणितही तेच. हजार वॅटची इस्त्री इथे पावणेतीनशेवर येईल. त्यावर रुमालाची घडी मोडली तरी पुष्कळ.

मिक्सरला मात्र हा भागाकार लागू पडत नाही. त्यात मोटर असते, आणि फिरती मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते. त्यामुळे व्होल्ट भागिले अँपिअर केलं तरी तिच्या वेटोळ्यांचा खरा रोध हाती लागत नाही. इथे ती रेंगाळत फिरेल आणि इडलीच्या पिठाचा रवाच राहील. व्होल्टेज चढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो मिक्सरपेक्षाही जड. त्यापेक्षा इथे ओक ट्री रोडवर देशी मिक्सर १२० व्होल्टचाच मिळतो.

आता मावशीचा हेअर ड्रायर. तिला म्हणावं, अमेरिकन ड्रायरचा हट्ट सोड. दुकानात पाहिला त्यावर १२० व्होल्ट, १८७५ वॅट लिहिलं होतं. म्हणजे करंट साडेपंधरा अँपिअरच्या वर आणि रोध ८ ओहमपेक्षाही कमी. तो तुमच्या २३० वर लावला की ३० अँपिअर खेचू पाहील, आणि वॅट होतील ६९०० च्या घरात! १६ अँपिअरचा एमसीबी पडेलही, पण त्याला जरा वेळ लागतो, आणि तेवढ्यात मावशीचे केस वाळण्याऐवजी भाजून निघतील. "पिन बदलायचा अडॅप्टर लावीन की," असं ती म्हणेल. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. मोबाइलच्या चार्जरवर मात्र १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. तो कुठल्याही घरी पाहुणा म्हणून चालतो.

आई, तू विचारलंस, की एवढा श्रीमंत देश, मग विजेत कंजूषपणा का? याचं उत्तर आमच्या गावाच्या नावातच आहे. इथल्याच मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत एडिसनने १८७९ मध्ये कार्बनच्या तंतूचा दिवा पेटवला. तंतूचा रोध त्याने मुद्दाम जास्त ठेवला. रोध जास्त की करंट कमी, करंट कमी की तांब्याच्या तारा बारीक, आणि तारा बारीक की खर्च आटोक्यात. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने वीजकेंद्र सुरू केलं ते ११० व्होल्टच्या आसपासचं. दिवे-उपकरणं त्याच बेताने बनत गेली, आणि आज घरोघर १२० आहे. कपडे वाळवायच्या मोठ्या यंत्राला इथेही २४० येतात. पण बाबा, त्या सॉकेटकडे रॉड घेऊन जायचं मनातही आणू नका.

तर बॅगेत चार्जर सोडून विजेवर चालणारं काही नको. पुरणयंत्र, किसणी आणि चकलीचा सोऱ्या मात्र नक्की आणा. त्यांना लागणारी शक्ती ह्यांच्या मनगटातून येते, आणि तिथलं व्होल्टेज दोन्ही देशांत सारखंच कमी आहे.

तुमची लेक