डिसोटोचे दात

मिशिगनमध्ये घर घ्यायला हिंडत असाल तर शेजारी ओळखायची एक खूण सांगून ठेवतो. रोज लागणारी नवीकोरी गाडी बाहेर बर्फात कुडकुडते आहे आणि जी गाडी जागची हलत नाही ती गॅरेजात हीटर लावून, पांघरूण घेऊन झोपली आहे, असं दिसलं की समजा, हाच तो गृहस्थ. घर जरूर घ्या, शेजार उत्तम. फक्त गॅरेजचं दार उघडं दिसलं की मान खाली घालून चालायची सवय करा. ‘एक मिनिट आत येऊन बघ’ हे शब्द कानावर पडले, की तुमची संध्याकाळ गेली.

वय पासष्टीच्या पुढचं. मोटार कंपनीतून किंवा तिला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त. जन्मभर नव्या गाड्या बनवल्या, पण त्यातली एकही आवडत नाही. महायुद्धात १९४२ पासून अमेरिकेत खासगी मोटारी बनवणं बंद होतं, ते १९४५ मध्ये पुन्हा सुरू झालं. याच्या लेखी मोटारीचा खरा इतिहास तिथून सुरू होतो आणि फार तर पासष्ट सालापर्यंत चालतो. पुढचं सगळं ‘प्लास्टिक’.

या मंडळींतही जातिव्यवस्था आहे. सत्तावन्न सालची शेव्हरोले बाळगणारा धनवान खरा, पण मानाने खालचा. कारण त्या गाडीचं काहीही नवं विकत मिळतं. स्क्रूपासून अख्ख्या बॉडीपर्यंत कॅटलॉग उघडा, पैसे मोजा, भाग घरी. ‘ती गाडी दुरुस्त करत नाहीत, मागवतात,’ असं आमचा गृहस्थ नाक मुरडून म्हणतो. त्याच्याकडे आहे १९५३ ची डिसोटो. डिसोटो हे क्रायस्लर कंपनीचं अपत्य, १९६० च्या नोव्हेंबरात कंपनीनेच त्याचा गळा आवळला. त्यामुळे भाग मिळत नाहीत, आणि मिळत नाहीत यातच सगळी प्रतिष्ठा.

त्यातही दात. या डिसोटोच्या जाळीला समोरून क्रोमचे जाडजूड उभे दात असतात. गाडी हसते आहे की चावायला येते आहे, हे पाहणाऱ्याने ठरवायचं. पन्नाशीच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हौशी लोकांनी हेच दात उपटून आपापल्या मर्क्युरी गाड्यांना बसवले. फार झोकदार दिसायचं म्हणे. त्या पापाची फळं आमचा गृहस्थ आज भोगतो आहे. स्वतःच्या दोन दाढांचं काम दंतवैद्य महाग सांगतो म्हणून त्याने पुढे ढकललं आहे, पण एका खड्डे पडलेल्या डिसोटो-दाताला पुन्हा क्रोम चढवायला किती दिले हा आकडा त्याने बायकोलाही सांगितलेला नाही. तिला ठाऊक आहे. तिला सगळंच ठाऊक असतं. कार्बोरेटर डिशवॉशरमध्ये कुणी धुतला, रंगवलेले ब्रॅकेट ओव्हनमध्ये कुणी भाजले आणि लाकडी चिमटे दोरीवरून कुठे गेले, हे तिला विचारावं लागत नाही.

चिमटे पेट्रोलच्या नळीवर जातात. उन्हाळ्यात इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही आणि गाडी भर चौकात बसते. त्यावर नळीला ओळीने लाकडी चिमटे लावायचे, हा इथला आजीबाईचा बटवा. ‘याचा उपयोग होतो?’ मी विचारलं. गृहस्थ इंजिनिअर, चाळीस वर्षं उष्णतेची गणितं केलेला. म्हणाला, ‘अजिबात नाही.’ आणि आणखी दोन लावले.

त्याचं खरं कसब पाहायचं असेल तर गंजून जाम झालेला नट सोडवताना पाहावं. ज्या डेट्रॉइटने जगाला मोटारी पुरवल्या त्याच्या पोटात, हजारएक फुटांखाली, मिठाची खाण आहे. बर्फ वितळवायला तेच मीठ रस्त्यावर पडतं आणि गाड्यांचा पत्रा खालून खातं. म्हणजे शहराने गाड्याही दिल्या आणि त्यांचं विषही. असा नट समोर आला की आपण पाना लावून जोर करू. तो आधी बघत बसतो. मग अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल अर्धं-अर्धं मिसळून (कुठलं तेल यावर दोन मित्रांशी अबोला आहे) त्यावर सोडतो आणि झोपायला जातो. दुसऱ्या दिवशी ज्योतीने तापवून, नट तापलेला असतानाच त्याला मेणबत्ती टेकवतो. मेण वितळून आट्यांत शिरतं. मग पाना, आणि एवढासा ‘कुर्र’ आवाज. त्या आवाजाला त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते नातवाच्या जन्माच्या वेळीही उमटलं नव्हतं, असं त्याची मुलगी म्हणते.

तिचा नवरा मोठा शिकलेला. सासऱ्यांना मदत करावी म्हणून एकदा त्याने डाव्या बाजूचं चाक सोडवायला घेतलं. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांना डावीकडच्या चाकांचे आटे उलटे असतात. चाकाच्या फिरण्याने ते सैल पडू नयेत हा हेतू. जावई सोडवतो आहे असं समजून मन लावून आवळत राहिला. कडाक्! सासरेबुवा रागावतील म्हणून पोरगं पांढरंफटक पडलं. पण म्हातारा खुशीत! बोल्ट मोडला म्हणजे नवा शोधायचा आणि तो शोधायला ऑक्टोबरात हर्शीला जायचं. पेन्सिल्व्हेनियातलं हर्शी जगाला चॉकलेटसाठी माहीत आहे. यांच्या पंचांगात तिथे फक्त गंजक्या लोखंडाची जत्रा भरते. हा एक बोल्ट आणायला जातो आणि घरी आधीच तीन आहेत तसला चौथा डायनॅमो घेऊन येतो.

आता कळस ऐका. स्पर्धेत अशा गाड्यांना चारशेपैकी गुण देतात. कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी गाडी हवी. मग काटेकोर मंडळी काय करतात? तपासनिसाने खडूने ओढलेल्या रेघा जुने फोटो बघून पुन्हा ओढतात. त्रेपन्न साली कुण्या कामगाराने सुट्टीच्या घाईत बोनेटखाली रंगाचा भलताच फराटा मारला असेल, तर हा गृहस्थ तो फराटा तीन वेळा घासून चौथ्यांदा तस्साच मारतो. इतक्या निगुतीने गबाळेपणा केलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मी मुंबईचा हे कळलं त्या दिवशी मात्र माझी किंमत वाढली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या जात, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. तेव्हापासून त्याच्या दृष्टीने मुंबई म्हणजे समुद्रकिनारी वसलेलं सुट्या भागांचं गोदाम. भारतात निघालो की इथली मराठी मंडळी गोडा मसाला आणि भाजणी सांगतात. हा दातांचा कागदी नमुना हातात देतो आणि चोरबाजाराचा उच्चार माझ्यापेक्षा स्पष्ट करतो.

एका बाबतीत त्याच्याशी वाद घालू नये. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने एकोणसाठ सालची शेव्हरोले बेल एअर आणि नवी मालिबू एकमेकींवर आदळवली. मालिबूचा चालक पायाच्या दुखापतीवर निभावला असता. बेल एअरचा मेला असता. हे बोललात की ‘ती गंजलेली होती’ इथपासून ‘तिच्यात इंजिनच नव्हतं’ इथपर्यंत सगळं ऐकावं लागतं. त्या काळच्या गाड्यांना पट्टा नाही, समोर पोलादी डॅशबोर्ड, कित्येकींत चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की निर्वातावर चालणारे वायपर झोपतात. पण गाडी भक्कम!

गंमत अशी, की या गाड्या टिकाव्यात म्हणून कुणी बनवल्याच नव्हत्या. दर वर्षी रूप बदलायचं आणि गेल्या वर्षीची गाडी दारात असल्याची मालकाला लाज वाटायला लावायची, हा त्या कंपन्यांचा उघड धंदा होता. दोन-तीन वर्षांत विकून टाकायची वस्तू हा म्हातारा सत्तर वर्षांनंतर कापसात जपतो आहे. कंपनीच्या धोरणाचा इतका चिवट पराभव कुठल्या युनियनलाही जमला नसेल.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर अशा हजारो गाड्यांची मिरवणूक निघते. १९९५ पासूनची ही प्रथा. त्या सुमारास इकडे असाल तर नक्की या. आमचा गृहस्थ तिथे भेटेल; डिसोटोसह की घडीच्या खुर्चीसह, ते त्या वर्षी दात किती मिळाले यावर. इंजिन मूळचंच आहे का, एवढं विचारा, तो धन्य होईल. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हे मात्र, कळकळीची विनंती आहे, कृपा करून विचारू नका.