जर्मनीत जर्मन न बोलता सहा महिने कसे काढावेत

हे मार्गदर्शन अलिबाग, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या, जर्मन विषय घेऊन शिकणाऱ्या आणि एका सत्रासाठी तिकडच्या विद्यापीठात जायला निघालेल्या मुलामुलींसाठी आहे. जर्मन शिकायला जर्मनीत जाणं हा आता जुना प्रकार झाला. सहा महिने तिथे राहून, तिथल्या बर्फात फोटो काढून, एकही धड जर्मन वाक्य न उच्चारता परत येणं, ही खरी साधना. पुण्या-मुंबईच्या पुष्कळांना ती जमली आहे. किनाऱ्यानं मागे राहण्याचं कारण नाही.

साधनेला दैवत लागतं. संस्कृतचा जर्मन अभ्यासक मॅक्स म्युलर यानं सायणभाष्यासह ऋग्वेद छापला आणि भारतात एकदाही पाऊल ठेवलं नाही. त्याला भाषा आली, देश राहिला. आपल्याला देश हवाय, भाषा राहिली तरी चालेल. त्याच्या नावाचं भवन मुंबईत काळा घोड्याला आहे. मांडव्याहून लाँचनं गेटवेला उतरलं की चालत जाता येतं. अकरावीला जर्मन ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतली असेल तर पाया आधीच पक्का झालेला असतो. कागदावर नव्वदच्या वर गुण आणि तोंडात शब्द नाही, हीच आदर्श पूर्वतयारी.

निवडीसाठी मोटिव्हेशन लेटर लागतं. गटे आणि शिलर सगळेच लिहितात. अलिबागकरानं आपली वेधशाळा लिहावी. गाऊस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी १८३० च्या दशकात गॉटिंगेनला बसून जगभर एकाच वेळी चुंबकीय मोजमापं घ्यायची टूम काढली. मुंबईत कुलाब्याला १८४१ मध्ये अशी मोजमापं सुरू झाली. पुढे विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकसुया बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला आलं. म्हणजे आपल्या गावाचं गॉटिंगेनशी नातं मॅक्स म्युलर भवनापेक्षा जुनं. हा परिच्छेद वाचून निवड समिती विरघळते. पत्र जर्मनमध्ये मागितलं तर अनुवादाचं अ‍ॅप आहेच.

हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. बहुतेक वर्षी गणपती उरकून निघता येतं, ही जर्मन विद्यापीठांची अनवधानानं झालेली सोय. पण व्हिसाची तारीख जुलै-ऑगस्टात पडते, तेव्हा गेटवेच्या लाँच बंद असतात आणि रो-रोचं सगळं समुद्राच्या लहरीवर. उरतो वडखळचा रस्ता. सकाळची वेळ असेल तर आदल्या दिवशी मामाकडे मुक्कामाला जावं. व्हिसाच्या खिडकीवर जे विचारतात त्याची उत्तरं पाठ असावीत, कारण खर्चाची तरतूद दाखवताना महिन्याला ९९२ युरो, म्हणजे लाखाच्या घरातली रक्कम, मोजायची असते. ती ऐकून घरातले वडीलधारे जे बोलतात त्यालाही उत्तर तयार ठेवावं.

आता सामान. हा भाग नीट वाचावा, कारण इथे बहुतेक आया चुकतात. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे निरोपाला आलेल्या काकूंचे पेढे बाद. घरचं तूप बाद. मासळीचं मात्र तसं नाही. स्वतःच्या खाण्यापुरती, वीस किलोपर्यंत मासळी नेता येते. कायदा असा समजूतदार की सोडे, सुकट, जवळा, वाकट्या, सुके बोंबील, सगळं रीतसर चालतं. जगातल्या कुठल्याही दप्तरी नियमात कोळीवाड्याची इतकी बूज राखलेली मला आढळली नाही. वीस किलो न्यायची गरज नाही, विमान कंपनीचाही विचार करावा. दोन किलो पुरे.

या सुकटीचा खरा उपयोग पोटासाठी नाही. विद्यार्थी तिथे चार-पाच जणांत एक स्वयंपाकघर वाटून घेतात, आणि भाषा शिकण्याचा सर्वांत मोठा धोका तिथेच असतो. भांडी घासता घासता जर्मन मुलं गप्पा मारतात. पहिल्याच आठवड्यात खिडक्या बंद करून, कांदा आणि तिखटावर सुकट परतावी. पुढचे पंधरा दिवस कुणी आत येत नाही. खबरदारी एकच, हा प्रयोग हाम्बुर्ग, कील अशा उत्तरेकडच्या बंदरांत करू नये. तिकडची माणसं मुरवलेला हेरिंग मासा कच्च्या कांद्याबरोबर पावात घालून खातात. ती वासानं पळायच्या ऐवजी ताटली घेऊन येतील, आणि मग बोलावं लागेल.

म्हणून दक्षिण बरी. श्टुटगार्ट तर मुंबईचं भगिनी शहर, १९६८ पासून. तिथे एक प्रथा आहे, केअरवोखे: जिना, फाटक, समोरचा फुटपाथ झाडण्याची पाळी आठवड्यागणिक एकेका बिऱ्हाडाकडे फिरते. पाळी चुकवली की वरच्या मजल्यावरच्या आजी दार वाजवतात आणि श्वाबियन बोलीत जे सुनावतात ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. पुण्याचा विद्यार्थी इथे गोंधळतो, इंग्रजीत माफी मागतो आणि सुटतो. रायगडच्या मुलांनी जपावं. घरात आगरी, शाळेत पुस्तकी मराठी, एसटीत दोन्ही, अशी ज्यांची जीभ लहानपणापासून वळलेली असते, त्यांच्या कानाला बोली आणि प्रमाण भाषेतला फरक चटकन कळतो. आजींचं बोलणं चार दिवसांत समजायला लागतं. तसं लक्षण दिसताच कानात हेडफोन घालावेत आणि झाडू मारून मोकळं व्हावं.

पोचल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा असतो. खिडकीपलीकडची बाई बहुधा जर्मनच बोलते, तेव्हा आधी आलेला कुणी मराठी दादा सोबत न्यावा. गावाचं नाव मात्र निर्धास्त सांगावं. ‘अलिबागहून आलोय का?’ या वाक्यावर बंदी आणा, अशी जनहित याचिका आपल्याकडे उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१९ मध्ये फेटाळली गेली. जर्मन कचेरीत ते वाक्य कुणालाच माहीत नाही. अलिबागहून आलेल्या माणसाकडे गंभीर चेहऱ्यानं पाहणारी ही जगातल्या मोजक्या जागांपैकी एक असावी.

विद्यापीठात फार अडचण नाही. सत्राला तीस क्रेडिट धरतात. इंग्रजीतले विषय शोधून ते भरावेत. वेळापत्रकात सी. टी. अशी अक्षरं असतील तर व्याख्यान दिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतं. ही जर्मन शिस्तीतली एकमेव कोकणी गोष्ट, तिचा आदर करावा. टँडेम म्हणून भाषेची देवाणघेवाण असते, तिथे जोडीदार असा निवडावा ज्याला स्वतःचं इंग्रजी सुधारायचंय. असे रांगेनं मिळतात. रविवारी दुकानं बंद, रस्ते शांत. तो दिवस मराठी मंडळींसाठी राखून ठेवावा.

काही उदाहरणं वाईट आहेत, त्यांच्यापासून दूर राहावं. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या, शंभराहून जास्त कवट्या मोजत बसल्या, प्रबंध जर्मनमध्ये लिहिला आणि वर निष्कर्ष काढला तो मार्गदर्शक प्राध्यापकाच्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेच्या विरुद्ध. सासरे महर्षी कर्वे मुरुडचे, म्हणजे दापोलीजवळच्या.  मुद्दा असा की प्राध्यापकाशी त्याच्याच भाषेत वाद घालण्याइतकी जर्मन येऊ देणं, हा या मार्गदर्शनाचा सपशेल पराभव आहे.

परत आल्यावर चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागेल, तो लागू द्यावा. सत्कारात जर्मन माणूस किती शिस्तीचा, हे मराठीत सांगावं. फक्त काही दिवस कोर्लईच्या बाजूला जाऊ नये. पोर्तुगीज १७४० मध्ये हा किनारा सोडून गेले. किल्ल्याच्या पायथ्याची काही शे माणसं त्यांच्या भाषेतून घडलेली बोली आजही घरात बोलतात, ना सत्र, ना क्रेडिट, ना महिन्याचे ९९२ युरो. तिथल्या एखाद्या आजीनं ‘जर्मन बोलून दाखव पाहू’ म्हटलं, तर इंग्रजीत वेळ मारून नेता येणार नाही.